पाटीवरच्या पदव्यांमागे काय असते?

घरात कुणाची शुगर वाढलेली निघाली की पहिला प्रश्न येतो, ‘आता कुणाला दाखवायचे?’ स्थळ आले तर आम्ही दूरच्या नातेवाईकांपर्यंत चौकशी करतो. पण ज्यांच्या हाती अब्बांचे डोळे, किडन्या आणि पाय सोपवायचे, ते डॉक्टर काय शिकले आहेत, हे विचारायला संकोचतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा प्रश्न कुणा एका घराचा राहिलेला नाही.

एमबीबीएसला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे लागतात. पुढे एमडी मेडिसिनची तीन वर्षे. त्यानंतर आणखी तीन वर्षे देऊन डीएम एंडोक्रायनॉलॉजी होते. डीआरएनबी ही पदवीही त्याच पायरीवरची. म्हणजे एकूण साडेअकरा वर्षे! मधुमेहाबरोबरच थायरॉइड, मुलांची खुंटलेली वाढ, हार्मोन्सचे इतर विकार हे सारे त्यात येते.

‘डायबेटॉलॉजिस्ट’ हा शब्द मात्र सैल वापरला जातो. त्यामागे एमडी आणि वर्षानुवर्षांचा अनुभव असू शकतो, एखादा डिप्लोमा असू शकतो किंवा काही महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्सही. असे छोटे कोर्स वाईट नाहीत. दहा कोटी रुग्ण मोजक्या तज्ज्ञांकडे जाऊ शकत नाहीत. बहुतेकांना फॅमिली डॉक्टरच सांभाळणार आहेत आणि त्यांचे ज्ञान ताजे राहिले तर भले आपलेच आहे. फक्त दोन्ही शिक्षणे सारखी समजू नयेत.

आम्ही शिक्षक मंडळी बी.एड.ला सराव पाठ घेतो, तेव्हा मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले असतात. चुका तिथेच दाखवल्या जातात. नुसती व्याख्याने ऐकून कुणी शिक्षक होत नाही. डॉक्टरांचेही तसेच आहे. चांगल्या प्रशिक्षणात ज्येष्ठांच्या नजरेखाली रुग्ण तपासावे लागतात. तळव्याला बारीक नायलॉनचा धागा टेकवून बधिरपणा ओळखणे, इन्सुलिनची सुई कुठे आणि कशी टोचायची ते समजावणे, एकाच रुग्णाला महिनोन्‌महिने पाहत राहणे, ही कामे हाताने करूनच येतात. गर्दीच्या ओपीडीत रुग्ण भरपूर मिळतात, पण शिकवायला वेळ उरला नाही तर प्रशिक्षण कच्चे राहते.

रमजानमध्ये हा फरक आपल्या घरांना जाणवतो. नुसते ‘रोजे ठेवू नका’ किंवा ‘ठेवा, काही होत नाही’ म्हणणे सोपे आहे. मधुमेह आणि रमजान या विषयावरची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०२१ मध्ये नव्याने आली. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी रुग्णाचा धोका तपासावा, सहेरी-इफ्तारप्रमाणे औषधांचे डोस बदलून द्यावेत आणि साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे त्यात सांगितले आहे. जाणते डॉक्टर हे सारे स्वतः समजावतात. डोस मनाने बदलू नयेत, आणि टाइप १ च्या मुलाचे इन्सुलिन तर कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नये. ते जिवावर बेतते.

खास पात्रता नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवू नये आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर लिहावा, असे २००२ चे वैद्यकीय आचारनियम सांगतात. त्या क्रमांकावरून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीची खातरजमा करता येते.

साधा मधुमेह चांगल्या फॅमिली डॉक्टरांकडे नीट सांभाळला जातो. मात्र लहान मुलाला मधुमेह असेल, गरोदरपणात साखर वाढली असेल, ती वारंवार एकदम खाली जात असेल किंवा औषधे घेऊनही एचबीए१सी उतरत नसेल, तर तज्ज्ञांची चिठ्ठी मागून घ्यावी. ‘डॉक्टरसाहेब, आपण याचे शिक्षण कुठे घेतले?’ असे अदबीने विचारण्यात गुस्ताखी नाही. मेहनतीने शिकलेल्या डॉक्टरांना हे सांगताना आनंदच होईल.