हत्तीशेजारी वेगळी चूल: क्वेबेकविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मॉन्ट्रियलमधल्या कुठल्याही मोटारीची नंबरप्लेट पाहा. आकड्यांखाली तीन फ्रेंच शब्द असतात: 'ज म सूव्हिएं', म्हणजे 'मला आठवतं'. काय आठवतं, ते मात्र लिहिलेलं नाही. १९७८ पूर्वी त्या जागी 'सुंदर प्रांत' अशा अर्थाचे, पर्यटकांना खूश करणारे शब्द होते. स्वातंत्र्यवादी पक्ष सत्तेवर आला आणि पाटी बदलली.

क्वेबेक हा कॅनडाचा प्रांत. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाचपट, लोकवस्ती मात्र ९० लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या मुंबईहूनही कमी. बहुसंख्यांची भाषा फ्रेंच. एका अंगाला इंग्रजी बोलणारा उरलेला कॅनडा, दुसऱ्या अंगाला अमेरिका. वेगळी चूल मांडायची का, हे या प्रांताने आपल्या मतदारांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा 'नाही' असं उत्तर आलं, तरी विषय मिटला नाही. आपल्याकडे या प्रश्नाच्या बातम्या तुकड्यातुकड्यांनी येतात, आणि तुकडे जोडताना काही समजुती घट्ट होऊन बसतात. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज १: हे परदेशात अडकलेले फ्रेंच लोक आहेत आणि त्यांना फ्रान्सचा आधार हवा आहे.

सॅम्युएल द शांप्लँने १६०८ मध्ये क्वेबेक शहर वसवलं. १७५९ च्या लढाईत इंग्रजांनी ते जिंकलं आणि १७६३ च्या पॅरिस तहात फ्रान्सने कॅनडावर पाणी सोडलं. त्याच तहात कॅरिबियन समुद्रातली साखरेची बेटं मात्र फ्रान्सने सोडवून घेतली. मागे राहिलेल्या साठ-सत्तर हजार शेतकऱ्यांना आणि पाद्र्यांना तेव्हापासून स्वतःचं स्वतःच निभावावं लागलं.

म्हणूनच भाषेच्या बाबतीत ते फ्रान्सपेक्षा कडवे आहेत. फ्रान्समध्ये चौकातल्या लाल पाटीवर 'स्टॉप' हा इंग्रजी शब्द चालतो. क्वेबेकमध्ये त्याच पाटीवर 'आरे' लिहिलेलं असतं. पॅरिसकर बिनदिक्कत 'वीकएंड' म्हणतो, तर मॉन्ट्रियलकर त्यासाठी 'आठवड्याची अखेर' असा अस्सल फ्रेंच शब्दप्रयोग करतो. ई-मेलसाठी इथे रुळलेला 'कुरिएल' हा शब्द पुढे फ्रान्सच्या सरकारी भाषेनेही उचलला.

२४ जुलै १९६७ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांनी मॉन्ट्रियलच्या नगरभवनाच्या सज्जातून 'स्वतंत्र क्वेबेक चिरायू होवो' अशी घोषणा दिली, हे खरं. ओटावाच्या केंद्र सरकारने नापसंती दर्शवताच ते दौरा अर्धवट टाकून परतले. पुढच्या फ्रेंच सरकारांनी एकच सूत्र बराच काळ धरून ठेवलं: ढवळाढवळ नाही आणि दुर्लक्षही नाही. थोडक्यात, पाहुण्यांनी पाठीवर थाप मारली, पण घराचा खर्च उचलला नाही.

गैरसमज २: कॅनडा द्विभाषक देश आहे, मग भाषेचं गाऱ्हाणं कसलं?

१९६९ च्या कायद्याने दोन्ही भाषा अधिकृत झाल्या त्या केंद्र सरकारच्या कारभारात. दहा प्रांतांपैकी घटनेनुसार द्विभाषक असलेला प्रांत एकच, न्यू ब्रन्सविक. देशात दोन्ही भाषा बोलू शकणाऱ्यांचं प्रमाण एक पंचमांशाहून कमी आहे.

मूळ दुखणं क्वेबेकच्या आतलं होतं. १९६१ च्या आकड्यांवरून एका शाही आयोगाने प्रांतातल्या १४ वांशिक गटांच्या पुरुषांचं उत्पन्न तपासलं, तेव्हा बहुसंख्य फ्रेंच भाषक बाराव्या क्रमांकावर निघाले. कारखान्यात मजूर फ्रेंच बोलत आणि साहेब इंग्रजी. आपल्याच शहरातल्या मोठ्या दुकानात आपल्या भाषेत सदरा मागायची पंचाईत होई. १९६० नंतर हे बदलू लागलं. चर्चच्या हातातलं शिक्षण सरकारकडे आलं आणि वीजकंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. रक्त न सांडता झालेल्या या उलथापालथीला तिथे 'शांत क्रांती' म्हणतात.

१९७७ चा 'कायदा १०१' हा त्याचाच पुढचा टप्पा. कचेरी, कामाची जागा, दुकानाची पाटी आणि शाळा या सगळ्यांत फ्रेंचला पहिला मान मिळाला. त्याची झळ, आणि त्याचा परिणामही, मॉन्ट्रियलला स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांना थेट जाणवतो. आई किंवा वडिलांचं प्राथमिक शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून आणि तेही कॅनडात झालं असेल, तरच मुलाला सरकारी इंग्रजी शाळेचा हक्क मिळतो. पुण्याच्या इंग्रजी माध्यमाचा दाखला इथे उपयोगाचा नाही. मग घरात मराठी, शाळेत फ्रेंच आणि मैदानावर इंग्रजी अशी तीन भाषांची मुलं वाढतात. त्यांना 'कायदा १०१ ची मुलं' असं नावच पडलं आहे. आज प्रांतातले नव्वद टक्क्यांहून जास्त लोक फ्रेंचमधून संवाद साधू शकतात.

गैरसमज ३: क्वेबेक पारतंत्र्यात आहे.

या 'पारतंत्र्या'त काय काय आहे ते पाहू. प्रांत स्वतःचा आयकर स्वतः गोळा करतो. खासगी व्यवहारांसाठी त्याचा फ्रेंच परंपरेतला वेगळा दिवाणी कायदा आहे. निवृत्तिवेतनाचा निधी स्वतंत्र आहे. कामासाठी कायमचे येऊन राहणारे स्थलांतरित कोणते घ्यायचे, हेही बऱ्याच अंशी क्वेबेकच ठरवतो. त्याच्या विधिमंडळाचं नाव 'राष्ट्रीय सभा' आहे. परदेशात त्याच्या कचेऱ्या आहेत आणि त्यांतली एक मुंबईत आहे. २००६ मध्ये कॅनडाच्या संसदेने 'क्वेबेकवासी हे अखंड कॅनडातलं एक राष्ट्र आहे' असा ठरावही केला.

मग तक्रार कशाची? १९८२ मध्ये कॅनडाने आपली घटना ब्रिटनकडून पूर्णपणे स्वतःकडे आणली. इतर नऊ प्रांतांची संमती होती, क्वेबेकची नव्हती. तिथल्या सरकारने आजतागायत त्यावर सही केलेली नाही. ही सही मिळवण्यासाठी झालेला मीच लेक करार १९९० मध्ये कोलमडला, त्याच्या जागी आणलेला शार्लटटाउन करार १९९२ च्या मतदानात पडला. अधिकार भरपूर आहेत, पण आपला वेगळेपणा घरच्यांनी कागदावर मान्य केला नाही, हा सल आहे. आपल्याकडेही भाऊबंदकीत जमिनीच्या तुकड्याइतकाच मानपानाचा मुद्दा मोठा असतो.

गैरसमज ४: ही हिंसक फुटीरांची चळवळ आहे.

हिंसेचं एक पर्व होऊन गेलं. क्वेबेक मुक्ती आघाडीने १९६३ पासून बाँब उडवले. ऑक्टोबर १९७० मध्ये तिने ब्रिटिश अधिकारी जेम्स क्रॉस आणि प्रांताचे मंत्री पिएर लापोर्त यांचं अपहरण केलं. लापोर्त यांचा मृतदेह एका मोटारीच्या डिकीत सापडला. पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी युद्धकाळातला कायदा लागू केला, सैन्य रस्त्यावर आलं आणि सुमारे ५०० जणांना धरलं गेलं. त्यांतल्या बहुतेकांवर पुढे आरोपही ठेवला गेला नाही.

मात्र लोक या वाटेने गेले नाहीत. पत्रकारितेतून राजकारणात आलेल्या रेने लेव्हेक यांनी १९६८ मध्ये 'पार्ती केबेक्वा' हा पक्ष काढला आणि हिंसेला साफ नकार दिला. १९७६ मध्ये हा पक्ष निवडणूक जिंकला. २० मे १९८० च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं, तेव्हा लेव्हेक यांनी डोळ्यांत पाणी असताना 'पुढच्या वेळी' एवढं म्हणून निकाल स्वीकारला.

इथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. लेव्हेक क्वेबेकचे आणि त्यांना अडवणारे त्रुदोही मॉन्ट्रियलचेच. फ्रेंच टिकली पाहिजे, यावर दोघांचं एकमत होतं. ती आपल्या छोट्या घरात टिकेल की मोठ्या वाड्यात, एवढाच वाद होता.

गैरसमज ५: १९९५ मध्ये निम्म्या जनतेला पूर्ण फारकत हवी होती.

३० ऑक्टोबर १९९५ रोजी ९३ टक्क्यांहून जास्त मतदान झालं. 'नाही' ५०.५८ टक्के, 'होय' ४९.४२ टक्के. फरक ५४,२८८ मतांचा. एखादं मोठं क्रिकेटचं मैदान भरेल, एवढ्या माणसांनी कॅनडाचा नकाशा वाचवला.

पण मतपत्रिकेवरचा प्रश्न 'स्वतंत्र व्हायचं का?' एवढा सरळ नव्हता. कॅनडापुढे नव्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा रीतसर प्रस्ताव ठेवून मग सार्वभौम व्हायचं का, असा तो होता. सोबतच्या विधेयकात चलन कॅनडाचाच डॉलर राहणार होता आणि दुहेरी नागरिकत्वाचीही सोय होती. म्हणजे चूल वेगळी, पण विहीर सामायिक. 'होय' म्हणणाऱ्यांत कट्टर स्वातंत्र्यवादी होते, तसे वाटाघाटीत वजन यावं म्हणून मत देणारेही होते.

त्या रात्री मुख्यमंत्री जाक पारिझो यांनी पराभवाचं खापर पैसा आणि वांशिक मतं यांवर फोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा जाहीर केला. आदल्या रात्रीच्या त्या एका वाक्याने चळवळीचं जे नुकसान केलं, ते विरोधकांना कधी जमलं नसतं. फ्रेंच शाळांत शिकून क्वेबेकचे झालेले हैती, उत्तर आफ्रिका आणि आशियातले नागरिक आपल्यात मोजायचे की नाहीत, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या मागे लागला आहे.

गैरसमज ६: एक मत जास्त पडलं की देश तयार, किंवा कायद्याने ते शक्यच नाही.

दोन्ही टोकं चूक. १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला. क्वेबेकला एकतर्फी फुटून निघता येणार नाही, ना कॅनडाच्या घटनेनुसार, ना आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार. पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमताने 'होय' मिळालं, तर उरलेल्या कॅनडाला वाटाघाटीला बसणं बंधनकारक आहे. 'स्पष्ट' म्हणजे किती टक्के, हे न्यायालयाने सांगितलं नाही. २००० च्या केंद्रीय कायद्यानेही आकडा दिला नाही, ठरवण्याचा अधिकार मात्र संसदेकडे ठेवला. क्वेबेकने लगेच स्वतःचा कायदा करून पन्नास टक्के अधिक एक मत पुरेसं आहे, असं सांगितलं.

शिवाय वाटणीच्या आत वाटणी आहे. प्रांताच्या उत्तरेकडच्या विस्तीर्ण भागात क्री आणि इनुइट हे मूळ रहिवासी राहतात. मोठे जलविद्युत प्रकल्प त्याच पट्ट्यात आहेत. १९९५ च्या मतदानाच्या काही दिवस आधी क्री लोकांनी स्वतःचं वेगळं मतदान घेतलं आणि ९६ टक्क्यांनी सांगितलं की आमच्या भूमीसह कॅनडातून बाहेर पडायला आमची संमती नाही. क्वेबेकला कॅनडातून निघायचा हक्क असेल, तर आम्हाला क्वेबेकमधून का नाही, या त्यांच्या प्रश्नाला सोपं उत्तर नाही.

गैरसमज ७: क्वेबेक फुटलं तर अमेरिकेत जाईल, आणि अमेरिकेला तेच हवं आहे.

इतिहास बरोबर उलटा आहे. १७७५ मध्ये अमेरिकन बंडखोरांनी क्वेबेकवर चढाई केली, पण बहुसंख्य फ्रेंच जनता त्यांच्या मागे गेली नाही. १८४९ मध्ये अमेरिकेत विलीन व्हावं, असा जाहीरनामा मॉन्ट्रियलमध्ये निघाला, तेव्हा त्यावर सह्या करणारे मुख्यतः इंग्रजी भाषक व्यापारी होते.

दक्षिणेला गेल्यावर काय होतं, याचा घरोघरचा अनुभव क्वेबेककडे आहे. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन पोटासाठी अमेरिकेत गेले, त्यांतले बरेच न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत. तिथे त्यांनी फ्रेंच चर्च, शाळा आणि वर्तमानपत्रंही उभी केली. दोन-तीन पिढ्यांत भाषा गेली, आडनावं तेवढी उरली. लॉवेल या गिरणगावात अशाच घरी जन्मलेला जॅक केरुआक सहाव्या वर्षाच्या सुमारास इंग्रजी शिकला आणि पुढे त्याच भाषेतला मोठा लेखक झाला.

आणि अमेरिकेला हवं काय? तिला शांत, अखंड कॅनडा सोयीचा वाटत आला आहे. बिल क्लिंटन यांनी १९९५ मध्ये तसा कल सूचित केला. १९९९ मध्ये तर क्वेबेकच्याच मों-त्रांब्लां गावी येऊन त्यांनी संघराज्याचं जाहीर समर्थन केलं.

तरीही स्वातंत्र्यवाद्यांनी अमेरिकेकडे पाठ फिरवली नाही. पारिझो यांचा तर १९८८ च्या मुक्त व्यापार कराराला पाठिंबा होता. दक्षिणेची बाजारपेठ उघडी असेल, तर कॅनडावरचं अवलंबित्व कमी होईल, हा त्यामागचा हिशेब. आज क्वेबेकच्या निर्यातीपैकी सुमारे ७० टक्के माल अमेरिकेत जातो. अॅल्युमिनियम, विमानाचे भाग, लाकूड आणि वीजही.

तो हिशेब २०२५ मध्ये डगमगला. डोनाल्ड ट्रम्प कॅनडाला '५१ वं राज्य' म्हणू लागले, अॅल्युमिनियम आणि पोलादावर जबर आयातशुल्क बसलं. अमेरिकेशेजारी राहणं म्हणजे हत्तीच्या कुशीत झोपणं, त्याने नुसती कूस बदलली तरी आपल्याला कळतं, असं त्रुदो १९६९ मध्ये वॉशिंग्टनला म्हणाले होते. हत्तीने कूस बदलली आणि एप्रिल २०२५ च्या केंद्रीय निवडणुकीत क्वेबेकच्या स्वातंत्र्यवादी खासदारांची संख्या ३२ वरून २२ वर आली.

गैरसमज ८: म्हणजे विषय संपला.

तसंही नाही. २०२२ मध्ये १२५ पैकी अवघ्या तीन जागा मिळवणारी पार्ती केबेक्वा २०२५ मध्ये मतचाचण्यांत आघाडीवर होती. ऑक्टोबर २०२६ च्या प्रांतिक निवडणुकीत सत्ता मिळाली, तर पहिल्या कार्यकाळातच तिसरं सार्वमत घेऊ, असं तिचे नेते पॉल सेंट-पिएर प्लामोंदों यांचं वचन आहे. त्याच चाचण्यांत स्वातंत्र्याच्या बाजूला मात्र साधारण एक तृतीयांश लोक दिसत होते. सरकार म्हणून पक्ष चालेल, सार्वमत नको, असं म्हणणारे मतदार पुष्कळ आहेत.

त्यांना दुटप्पी म्हणण्याआधी त्यांची अडचण पाहायला हवी. कॅनडात राहिलं तर संसदेत आपली संख्या दर दशकात विरळ होत जाते. बाहेर पडलं तर व्यापाराच्या टेबलावर हत्तीसमोर नव्वद लाखांनी एकट्याने बसायचं. लेव्हेक आणि त्रुदो यांनी या एकाच भीतीची दोन उत्तरं दिली होती. क्वेबेकच्या मतदाराने अजून दोन्हींपैकी कुठल्याही एकावर पूर्ण भरवसा टाकलेला नाही.