दणकट दिसतं म्हणून सुरक्षित?

हैदराबादमध्ये गच्चीबावलीहून आउटर रिंग रोडला लागताना परवा शेजारी एक इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आली. टायर खांद्याइतके, पुढे स्टीलचा जाडजूड बुलबार. बघायला झकास, खोटं कशाला बोलू!

पण हा बुलबार केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवलाय. कारण केवळ पादचाऱ्यांचं नाही. गाडीचं तोंड धडकेत चुरगळून मार गिळावा, असं बनवलेलं असतं. थेट चेसिसला बोल्ट केलेला बार तो मार तसाच मागे ढकलतो, आणि एअरबॅग कधी उघडायची याचा कंपनीने बसवलेला हिशेब बिघडू शकतो. चकाकणारा लोखंडी पाइप बघून हे कुणाला सुचत नाही.

लिफ्ट किटचंही तसंच. गाडी उंच झाली की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि आउटरवर एकदम स्टिअरिंग ओढलं तर उलटण्याचा धोका वाढतो.

मूळ गाडीचे क्रॅश टेस्टमधले स्टारही नीट वाचा. व्ही-क्रॉस ज्या डी-मॅक्सचाच प्रकार, तिला २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात पाच स्टार मिळाले ते नव्या पिढीच्या गाडीला. आपल्याकडे श्रीसिटीत बनणारी व्ही-क्रॉस आधीच्या पिढीची. आपली क्रॅश टेस्ट, म्हणजे भारत एनकॅप, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली खरी, पण ती प्रवासी गाड्यांसाठी. मालवाहू गटातल्या पिकअप तिच्यात येतच नाहीत.

आणि हो, मागच्या हौद्यात माणसं बसवू नका. तिथे ना बेल्ट, ना छप्पर.