मारिकाना: ३४ खाणकामगारांच्या मृत्यूची जखम अजून का भरत नाही?

१६ ऑगस्ट २०१२. दक्षिण आफ्रिकेतल्या मारिकाना इथे संपावर गेलेल्या खाणकामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ३४ कामगार मारले गेले, ७८ जखमी झाले. कॅमेऱ्यांनी टिपलेली ती काही सेकंदांची दृश्यं जगभरातल्या टीव्हीवर दाखवली गेली.

त्यानंतर चौकशी झाली, भरपाई दिली गेली. या घटनेवरच्या 'माइनर्स शॉट डाउन' या डॉक्युमेंटरीला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारही मिळाला. तरी दरवर्षी १६ ऑगस्टला कामगार आणि मृतांचे नातेवाईक त्याच टेकडीपाशी जमतात. त्यांचा प्रश्नही तोच असतो: याला जबाबदार कोण?

'सत्य आणि सलोखा' हा मार्ग ज्या देशाने जगाला दाखवला, तोच देश इथे का अडला, हे समजून घेऊया.

संप कशासाठी होता?

मारिकाना जोहान्सबर्गच्या वायव्येला, रस्टेनबर्ग शहराजवळ आहे. हा प्लॅटिनमच्या खाणींचा पट्टा. गाड्यांच्या धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या यंत्रणेत हा धातू वापरतात. खाण लोनमिन या कंपनीची होती.

जमिनीखाली खडकात ड्रिल चालवणाऱ्या कामगारांची मागणी होती महिना १२,५०० रँड पगाराची. यातले बरेच जण शेकडो किलोमीटर दूरच्या ईस्टर्न केप भागातून आणि शेजारच्या लेसोथो देशातून आलेले. अनेकांचा मुक्काम पत्र्याच्या खोपट्यांत. कंपनीने ५,५०० घरं बांधायचं कबूल केलं होतं. बांधली फक्त ३.

संप शांत नव्हता, हेही सांगायला हवं. गोळीबाराआधीच्या आठवड्यात १० जणांचा जीव गेला होता. त्यात २ पोलीस आणि २ सुरक्षारक्षक होते.

१७ जण दिसले, १७ दिसलेच नाहीत

टीव्हीवर दिसलं ते पहिलं ठिकाण. तिथे १७ कामगार मारले गेले. हातात भाले-काठ्या घेतलेले कामगार अंगावर धावून आले, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळीबार केला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. ती दृश्यं पाहून अनेकांना ते पटलंही.

पण उरलेले १७ जण थोड्या अंतरावर, दुसऱ्या एका खडकाळ जागी मारले गेले. तिथे टीव्हीचे कॅमेरे नव्हते. पळून जाऊन खडकांच्या आड लपलेल्या कामगारांवरही तिथे गोळ्या झाडल्या गेल्या. पत्रकार ग्रेग मारिनोविच तिथे पोहोचले तेव्हा मृतदेह कुठे सापडले हे दाखवणारी अक्षरं खडकांवर रंगवलेली होती. त्यांची बातमी आली आणि स्वसंरक्षणाच्या दाव्यावर मोठं प्रश्नचिन्ह लागलं.

पुढे चौकशीत पोलिसांचेच फोटो समोर आले. आधीच्या फोटोत मृतदेहाजवळ शस्त्र नाही, नंतरच्या फोटोत आहे!

आणि सुरुवातीला खुनाचा आरोप कोणावर ठेवला गेला? वाचलेल्या सुमारे २७० कामगारांवर. त्यासाठी वर्णभेदाच्या काळात वापरला गेलेला नियम काढला गेला: जमावाच्या कृत्याला जमावातला प्रत्येक जण जबाबदार. संतापाची लाट उसळल्यावर हे आरोप मागे घेतले गेले.

सलोख्याचा देश इथे का अडला?

२१ मार्च १९६० ला शार्पविलमध्ये गोऱ्या राजवटीच्या पोलिसांनी ६९ जणांना मारलं. आज तो दिवस 'मानवी हक्क दिन' आहे, राष्ट्रीय सुट्टी असते. १९९६ मध्ये डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या सुरू झाल्या. पीडित आणि गुन्हा करणारे, दोघंही तिथे जाहीरपणे बोलले.

म्हणजे आठवण कशी जपायची, हे या देशाला ठाऊक आहे. पण शार्पविलचं पाप जुन्या राजवटीचं होतं. मारिकानाच्या वेळी सत्तेत होता मंडेलांचाच पक्ष. हा दिवस पाळायचा तर सत्तेतल्या लोकांना स्वतःचीच चूक पाळावी लागते.

यात एक नाव ठळक आहे: सिरिल रामाफोसा. १९८७ चा मोठा खाणसंप लढवणारे हे कामगार नेते २०१२ मध्ये लोनमिनच्या संचालक मंडळावर होते. जे चाललंय तो कामगारांचा वाद नसून गुन्हेगारी आहे आणि त्याप्रमाणे कारवाई व्हावी, असे ईमेल त्यांनी गोळीबाराच्या आदल्या दिवशी पाठवले. चौकशी आयोगाने त्यांना दोषी धरलं नाही. २०१७ मध्ये त्यांनी ईमेलमधल्या भाषेबद्दल माफी मागितली. २०१८ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले.

कुटुंबांना काय मिळालं?

न्यायमूर्ती फारलाम यांच्या आयोगाचा अहवाल २०१५ मध्ये जाहीर झाला. त्यात पोलिसांच्या कारवाईवर आणि लोनमिनच्या न बांधलेल्या घरांवर ठपका होता. तेव्हाच्या पोलीस प्रमुख निलंबित झाल्या. कमावता माणूस गेल्याबद्दल सरकारने कुटुंबांना भरपाई दिली. मुलांच्या शिक्षणासाठी कंपनीने ट्रस्ट काढला आणि मृताच्या घरातल्या एकाला खाणीत नोकरी देऊ केली. नवरा जिथे मारला गेला, तिथेच काही विधवा कामाला लागल्या. घर चालवायला दुसरा मार्ग नव्हता.

पण त्या ३४ मृत्यूंसाठी एकाही पोलिसाला शिक्षा झालेली नाही. १६ ऑगस्टला राष्ट्रीय सुट्टी जाहीर झालेली नाही. २०१९ मध्ये खाण सिबान्ये-स्टिलवॉटर या कंपनीने विकत घेतली. तिने चर्चच्या मध्यस्थीने सलोख्याचे प्रयत्न सुरू केले. पण गोळ्या झाडणारे पोलीस सरकारचे होते. त्यांचा हिशेब कंपनी कसा देणार?

मारिकानातल्या बायकांनी एकत्र येऊन संघटना उभी केली, 'सिखाला सोंके'. अर्थ: आम्ही एकत्र रडतो. सलोख्याला त्यांच्यासारख्या कुटुंबांची ना नाही. ज्यांच्याशी तो करायचा, त्यांनी आधी समोर येऊन काय केलं ते कबूल करावं, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.