मुख नसलेला ज्वालामुखी

ज्वालामुखी म्हटला की शिखरातून धूर सोडणारा शंकूसारखा पर्वत डोळ्यांपुढे उभा राहतो. धार आणि देवास या पवारांच्या जुन्या राजधान्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी माणसाला ‘तुमचे घर ज्वालामुखीच्या कातळावर उभे आहे’ असे कोणी सांगितले, तर तो हसेल. परंतु ही गोष्ट खरी आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हारस वाहिला आणि थरावर थर चढत गेले. सह्याद्री, अजिंठ्याचा कातळ आणि माळव्याचे पठार ही त्याचीच अपत्ये होत. या ज्वालामुखीला शिखर नाही, मुखही नाही. म्हणून आपण त्याला ओळखत नाही.

ओळख पटवून घ्यावयाची असेल, तर देवास जिल्ह्यात बागलीकडचा कावडिया पहाड पाहावा. मुद्दाम घडवून रचून ठेवावेत तसे पैलूदार दगडी खांब तेथे आहेत. भीमाने ते कावडीतून आणले, असे लोक म्हणतात. शास्त्र सांगते की, लाव्हा निवताना आकसला, त्याला तडे गेले आणि त्या तड्यांनीच हे खांब कोरले.

तेथून धारमार्गे मांडूस यावे. विंध्याच्या कड्यावरील या गडावर महालांइतकीच पाहण्याजोगी आहे ती गोरखचिंच. तिचे मूळ घर आफ्रिका. फुगीर खोडात पाणी साठवून ती उन्हाळा निष्पर्ण काढते आणि पावसाळ्यात पालवते. तिची पांढरी फुले रात्री उमलतात. अलीकडे अशी काही जुनी झाडे उपटून दूरच्या उद्यानासाठी नेण्यात आली, तेव्हा भोवतालच्या गावकऱ्यांनी विरोध केला. शेकडो वर्षांचे झाड बाजारात मोजून घेण्याची वस्तू नव्हे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

धारच्या पश्चिमेस सरदारपूरचे अभयारण्य १९८३ साली तणमोरासाठी राखण्यात आले. येथे त्याला खरमोर म्हणतात. पावसाळ्यात नर गवतातून पुनःपुन्हा उंच उडी घेऊन मादीचे लक्ष वेधतो. या पक्ष्याला हवे असते ते केवळ मोकळे गवत. परंतु लाव्ह्याच्या कातळापासून झालेली ही काळी माती नांगरालाही तितकीच प्रिय आहे. कुरणे शेतांत गेली आणि हा पक्षी नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आला.

आणखी पुढे बाघ येथे लाव्ह्याखालचे जग उघडे पडले आहे. येथील खडकांत प्राचीन समुद्रातील शिंपले व शार्कचे दात सापडतात. त्यांच्या वरच्या थरांत डायनोसॉरची अंडी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नर्मदा खोऱ्याच्या या भागातील ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली आहेत. हे प्राणी का संपले? बहुतेक शास्त्रज्ञ अवकाशातून आदळलेल्या पाषाणाकडे बोट दाखवितात. लाव्ह्याचा त्यात कितपत वाटा होता, हा वाद मिटलेला नाही. या अवशेषांसाठी २०११ साली येथे जीवाश्म राष्ट्रीय उद्यान झाले. ते १०० हेक्टरांहूनही लहान आहे.

पाडल्या गावचे शेतकरी अशाच गोल दगडांना शेताच्या बांधावर ठेवून ‘काकड भैरव’ म्हणून नारळ वाहत असत. ती डायनोसॉरची अंडी आहेत, हे पुढे अभ्यासकांनी ओळखले. भाविकांची समजूत शास्त्राच्या कसोटीस उतरली नाही खरी. पण देव मानल्यामुळे तो दगड कोणी फोडला नाही, की विकला नाही.

आपण सहलीहून आठवण म्हणून एखादा गोटा खिशात घालतो. बाघच्या डोंगरात तो मोह आवरावा. तेथील एक दगड उचलणे म्हणजे एकच प्रत उरलेल्या ग्रंथाचे पान फाडणे होय. पाहावे, समजून घ्यावे आणि रिकाम्या हातांनी परतावे.