गाळा वक्फचा, करार कुठे आहे?

मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या गाळ्यात धंदा करणाऱ्या बांधवांना करारनामा कुठे आहे असे विचारले की बहुतेक वेळा भाड्याच्या पावत्यांचे पुडके पुढे येते. भाडे वडिलांच्या वेळी ठरलेले, करार कधी झाला तेही आठवत नाही. मुतवल्लींच्या वहीत मूळ भाडेकरूचे नाव आणि गल्ल्यावर त्याचा नातू, किंवा पागडी देऊन आलेला तिसराच कोणी.

शेकडो मिळकती सांभाळणाऱ्या बांधकाम कंपन्यांनाही हीच अडचण येते: कोणता गाळा कोणाकडे, करार कधी संपतो, थकबाकी किती? त्या ही यादी दरमहा तपासतात, कारण भाडे हाच त्यांचा धंदा आहे. वक्फचा पसारा त्यांच्याहून मोठा. सच्चर समितीने २००६ मध्ये देशात ४.९ लाख नोंदणीकृत मिळकती, सुमारे ६ लाख एकर जमीन आणि १.२ लाख कोटी रुपये बाजारमूल्य असा अंदाज दिला. उत्पन्न मात्र वर्षाला १६३ कोटी. दहा टक्के परतावा मिळाला असता तर १२ हजार कोटी झाले असते. ही रक्कम शाळा, दवाखाने आणि विधवांच्या वाट्याची होती, हे आपण भाडेकरू म्हणून सोयीने विसरतो.

पण कच्चा व्यवहार भाडेकरूलाही परवडत नाही. वक्फ कायदा १९९५ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला मंडळाची पूर्वपरवानगी लागते, ती नसेल तर पट्टा रद्दबातल. तीस वर्षांपुढचा पट्टा मुळातच चालत नाही. २०१३ च्या दुरुस्तीने तर मुदत संपूनही बसलेल्या भाडेकरूला अतिक्रमण करणाऱ्यांत धरले. चाळीस वर्षे इमानाने भाडे भरलेला शिंपीसुद्धा त्या व्याख्येत सापडू शकतो. म्हणून मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि गाळा मुलाच्या नावे करायचा असेल तर तेही लेखीच करावे.

खानदेशात एक गुंता वेगळा. मराठवाड्यात वक्फ मंडळ जुने. आपल्याकडच्या संस्था १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवल्या गेल्या. राज्य वक्फ मंडळ २००२ मध्ये आले. प्रत्येक मुस्लिम न्यास वक्फ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा आपली जागा नेमकी कशात मोडते, हे विश्वस्तांना आधी विचारा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला, त्यामुळे जुनी कागदपत्रे शोधताना धुळ्यालाही चक्कर मारावी लागेल. शहरात मिळकत पत्रिका, गावात सातबारा आणि फेरफार, यांच्या ताज्या नकला हाताशी असाव्यात.

मुतवल्लींनाही आता हिशेब टाळता येणार नाही. २०२५ च्या दुरुस्तीने मंडळाला द्यायचा वाटा सातवरून कमाल पाच टक्क्यांवर आणला, पण ‘उम्मीद’ पोर्टलवर मिळकतींची नोंद सक्तीची केली. पोर्टल ६ जून २०२५ रोजी सुरू झाले, मुदत सहा महिन्यांची. ती वाढवण्यास सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२५ रोजी नकार दिला आणि अडचण असलेल्यांना न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगितले. आपल्या मशिदीची नोंद झाली का, आणि त्यात आपला गाळा कोणाच्या नावे दाखवला आहे, हे जुम्याच्या नमाजनंतर मुतवल्लींना विचारायला पाच मिनिटेही लागत नाहीत.