अयोध्येचे नाव मिरविणारी राजनगरी

रामनवमीस माध्यान्ही पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो आणि आमची चिपळी क्षणभर थांबते. त्या क्षणी आम्हांस एका दूरच्या नगरीचे स्मरण होते. ती थायलंडची राजधानी बँकॉक होय.

परंडेकरांस राजधानीचे दैव ठाऊक आहे. इ. स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर निजामशाहीचे सिंहासन काही काळ आमच्या किल्ल्यात आले आणि पुढे गेले. मागे तट व तोफा उरल्या. थायलंडातही असाच प्रलय झाला. अयोध्येवरून नाव घेतलेली अयुथ्या ही तेथील जुनी राजधानी १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. पुढे ‘पहिला राम’ म्हणून ओळखल्या गेलेल्या राजाने १७८२ मध्ये चाओ फ्रया नदीच्या पूर्वतीरी नवी राजधानी वसविली. तिच्या दीर्घ नामावळीत महानगर, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या हे आपलेच शब्द थाई उच्चारांत गुंफलेले आहेत. इंद्राने दिलेली व विश्वकर्म्याने उभारलेली, असे तिचे वर्णन त्यात आहे. थाई लोक तिला थोडक्यात ‘क्रुंग थेप’, म्हणजे देवनगरी, म्हणतात.

अयुथ्येबरोबर जुने ग्रंथही नष्ट झाले होते. म्हणून राजाने तटांबरोबर रामकथाही पुन्हा उभारली. १७९७ मध्ये सिद्ध झालेल्या त्या काव्यास ‘रामकियेन’, अर्थात रामकीर्ती, म्हणतात. राजवाड्याच्या आवारातील बुद्धमंदिराच्या ओवऱ्यांत ती १७८ चित्रांत रंगविलेली आहे. त्या कथेतील मारुती मात्र ब्रह्मचारी नाही; सुवर्णमत्स्या या रावणकन्येपासून त्यास पुत्र होतो! डोमगावी कल्याणस्वामींची समाधी असलेल्या या तालुक्यात समर्थांच्या मारुतीपुढे वाढलेल्या आम्हांस हे प्रथम खटकले. पण बीज परभूमीत रुजले की फळाची चव पालटते. वृक्ष तोच असतो.

आज त्या नगरीतील पुष्कळ कालव्यांचे रस्ते झाले आहेत. १९९९ पासून खांबांवरून आगगाडी धावते. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुवर्णभूमी’ विमानतळावर समुद्रमंथनाचे प्रचंड शिल्प प्रवाशास दिसते. मात्र १७८४ मध्ये शिवोत्सवासाठी उभारलेल्या महाझुल्यावर झुलण्याचा विधी १९३५ मध्ये बंद पडला. तांबडे खांब उभे आहेत, झुलणारे नाहीत.

हे मनात येताच आम्हांस आमच्या कीर्तनातील रिकाम्या सतरंज्या दिसतात. दगड आपोआप टिकतात. कथा मात्र कोणी सांगावी व कोणी ऐकावी लागते. माउल्यांनो, यंदा पाळण्याची दोरी घरातील लेकरांच्या हाती द्या.