पिंगला उत्तर येतं, मग फाइल का अडकते?

‘सर्व्हर तर पिंग होतोय!’ कार्यालयात फाइल अडकली की आयटी विभागातून हमखास येणारं हे वाक्य. पडद्यावर फाइल अर्ध्यावर थांबलेली असते, बाजूच्या काळ्या खिडकीत मात्र दर सेकंदाला नियमित उत्तर उमटत असतं. पाहणाऱ्याला वाटतं, दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय. वास्तविक दोन्ही माहिती खरी असते, कारण नेटवर्कला विचारलेले प्रश्नच वेगळे असतात.

पिंग हा आज्ञावलीचा छोटासा तुकडा डिसेंबर १९८३ मध्ये माइक मूस यांनी लिहिला. ते अमेरिकी लष्कराच्या मेरीलँडमधल्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत होते. तिथलं नेटवर्क विचित्र वागत होतं, म्हणून एका संध्याकाळी बसून त्यांनी सुमारे हजार ओळींत हे साधन तयार केलं. नाव घेतलं ते पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून: ध्वनी सोडायचा, प्रतिध्वनी ऐकायचा, लागलेला वेळ मोजायचा.

त्यासाठी लागणारा नियम आधीच ठरलेला होता. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टल यांनी आयसीएमपी या प्रोटोकॉलचा मसुदा प्रसिद्ध केला होता. त्यात प्रकार ८ चा संदेश म्हणजे ‘प्रतिध्वनी दे’ आणि प्रकार ० म्हणजे ‘हा घे’. लिनक्सवर नेहमीच्या पिंगमध्ये ५६ बाइट भरताड आणि ८ बाइटांचं शीर्षक असतं, त्यावर आयपीचे २० बाइट चढतात, एकूण ८४. समोरच्या यंत्राने तेच भरताड जसंच्या तसं परत पाठवायचं, एवढंच काम. त्यात लॉगिन नाही, पासवर्ड नाही, पोर्ट क्रमांक नाही, डिस्कला हात लावणंही नाही. उत्तर बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच देऊन टाकतो. म्हणूनच फाइल देणारा प्रोग्राम बंद पडला असला, डिस्क पूर्ण भरली असली, तरी पिंगला उत्तर येत राहतं. नदीपलीकडून हाळीला ओ आली म्हणजे पलीकडे माणूस आहे एवढं कळतं. भरलेली गाडी उतारातून पार होईल का, हे त्या ओ मधून कळत नाही.

मूस यांनी स्वतः सांगितलेला एक किस्सा पिंगची खरी ताकद दाखवतो. एका नेटवर्क व्यवस्थापकाच्या इमारतीत केबलचा कुठला तरी जोड अधूनमधून सुटत होता. त्याने पिंगच्या प्रत्येक उत्तराला संगणकाच्या आवाजाशी जोडलं, तो आवाज स्टिरिओवर मोठ्याने लावला आणि ‘पिंग, पिंग’ ऐकत इमारतभर जोड हलवत फिरला. आवाज थांबला, तिथे दोष सापडला. इतक्या साध्या साधनाने इतकं नेमकं काम करावं, यातच त्याचं मोठेपण आहे.

फाइल पाठवण्याचा प्रोटोकॉल, एफटीपी, पिंगपेक्षा बारा वर्षांनी थोरला. १६ एप्रिल १९७१ रोजी एमआयटीतल्या अभय भूषण यांनी एफटीपीचा पहिला मसुदा आरएफसी ११४ म्हणून मांडला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे हे विद्यार्थी. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरचा पहिला संदेश गेला त्याला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि आज फाइल वाहून नेणारा टीसीपी हा प्रोटोकॉल जन्मायचाच होता. पुढे १९८५ मध्ये पोस्टल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी एफटीपीला आजचं रूप दिलं.

एफटीपी दोन स्वतंत्र जोडण्या वापरतो. पोर्ट २१ वर आज्ञा आणि क्रमांक असलेली उत्तरं: नाव सांगितलं की ‘३३१, पासवर्ड द्या’, पासवर्ड दिला की ‘२३०, आत या’. खुद्द फाइल मात्र दुसऱ्याच जोडणीवरून जाते. जुन्या पद्धतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर उलट दिशेने, वापरणाऱ्याच्या संगणकाकडे उघडतो, आणि घरचा राउटर किंवा फायरवॉल तिला अनोळखी समजून दारातच अडवतो. मग पिंग चालतं, लॉगिन होतं, पण फाइलींची यादीसुद्धा दिसत नाही. ‘पॅसिव्ह मोड’मध्ये दुसरी जोडणीही वापरणाऱ्याच्याच बाजूने उघडते, त्यामुळे हा तिढा बहुतेक वेळा सुटतो.

पण सगळ्यात मोलाचा फरक आहे तो हरवलेल्या पॅकेटशी दोघं कसं वागतात याचा. पिंगचं पॅकेट हरवलं तर ते पुन्हा पाठवलं जात नाही. ते नोंदवलं जातं, शेवटी टक्केवारी दिसते; ही हरवाहरव कळावी म्हणून तर पिंग चालवायचं. एफटीपी ज्यावर स्वार असतो तो टीसीपी याच्या उलट. प्रत्येक बाइटला क्रमांक, प्रत्येक टप्प्याची पोच, पोच आली नाही तर पुन्हा पाठवणी. वापरणाऱ्याला हानी दिसतच नाही, फक्त वेग मंदावलेला जाणवतो.

ही चिकाटी एकदा अंगाशी आली होती. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातल्या जेमतेम ४०० यार्डांच्या दुव्याचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. गर्दीत पॅकेट हरवत होती, म्हणून ती पुन्हा पाठवली जात होती, म्हणून गर्दी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी त्यातून शोधलेली, गर्दी ओळखून हात आखडता घेण्याची रीत १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. आजचं इंटरनेट तिच्या आधारावर उभं आहे.

पिंगचा आकडा फाइलीला अगदीच परका नाही. मूळ टीसीपीत पोच न येता जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट वाटेत असू शकत. पिंगने मोजलेल्या फेरीला १०० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला अशा दहाच खेपा, म्हणजे साधारण ५ मेगाबिट. तार कितीही जाड असो, वेग त्यापुढे जात नसे. १९९२ मध्ये ही मर्यादा वाढवणारा पर्याय आला.

सगळ्यात फसवा दोष आकाराचा. इथरनेटवर पॅकेट १५०० बाइटांपर्यंत जातं. काही ब्रॉडबँड जोडण्यांवर पीपीपीओई हे वेष्टन ८ बाइट घेतं आणि मर्यादा १४९२ वर येते. ‘तुकडे करू नका’ अशी खूण असलेलं मोठं पॅकेट राउटर टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा निरोप धाडतो: आकार कमी करा. पण १९९६ च्या सुमारास अवाढव्य पिंगने यंत्रं कोसळवण्याचे प्रकार घडल्यापासून आयसीएमपीबद्दल धास्ती बसली. काही फायरवॉल पिंगपुरती वाट ठेवून बाकीचा आयसीएमपी बंद करतात. तो निरोप पोचतच नाही. ८४ बाइटांचं पिंग सुखरूप जातं, लॉगिनच्या छोट्या ओळीही जातात, आणि फाइलीचं पहिलं भरगच्च पॅकेट गडप होतं. पुन्हा पाठवलं तरी आकार तोच, म्हणून शेवटही तोच. सुरक्षेच्या नावाखाली हा निरोप अडवणं ही चूकच आहे.

हा दोष पकडायला पिंगच उपयोगी पडतं, फक्त त्याला फाइलीएवढं ओझं द्यावं लागतं. तुकडे करायला मनाई करून १४७२ बाइटांचं भरताड पाठवायचं. शीर्षकांचे २८ मिळवले की बरोबर १५०० होतात. ते परतलं नाही आणि १४६४ चं परतलं, तर वाटेतल्या वेष्टनाचे ते ८ बाइट सापडले. मग राउटरमध्ये टीसीपीच्या तुकड्याची कमाल मर्यादा १४५२ बाइट ठेवली, की त्या वाटेवरून फाइल पुढे सरकू लागते.